जागा होऊ दे

मुंगीला मुंगी हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ठेवणाऱ्याच्या तोंडात साखर पडो. उंची बेताची, आणि अंगात बळ असं की दोघांना न आवरणारा पेशंट ही एकटी कुशीवर वळवायची. विद्यापीठाच्या इस्पितळात ती फिजिओ होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसांचे हातपाय हलवायचे, सांधे आखडू द्यायचे नाहीत, छातीतला कफ थापट्या मारून सुटा करायचा, हे तिचं काम. काम तिला मनापासून आवडायचं. चीड यायची ती एकाच गोष्टीची. कुणाला काय करायचं हे ठरवणार दुसरेच, आणि हिनं आपलं सांगितल्याबरहुकूम हलवायचं. डोकं घरी ठेवून नुसते हात कामावर आणले तरी चाललं असतं.

म्हणून तिला पदव्युत्तरला प्रवेश हवा होता. तोही कुठेही नाही, मॅडमच्याच हाताखाली. मेंदूला मार लागलेल्या पेशंटांच्या बाबतीत मॅडमचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. त्या दर खेपेला एकच विद्यार्थी घेत, आणि या खेपेचा बाहेर पडला की निवृत्त होणार होत्या. म्हणजे ही शेवटची संधी, यानंतर दार बंद. मुंगीनं आधी दोनदा अर्ज केला होता आणि दोन्ही वेळा तोंडघशी पडली होती. आई म्हणायची, "अगं, चांगली नोकरी आहे, कशाला ही नसती उठाठेव?" मोठा भाऊ काही बोलायचा नाही. तो वर्तमानपत्राआडून नुसता हसायचा, आणि ते जास्त लागायचं.

तिसऱ्या वेळी मुलाखत झकास झाली. आत जायच्या आधी बाहेर बाकावर तिच्या शेजारी एक उंच मुलगा बसला होता. पाय असे पसरलेले की येणाऱ्याजाणाऱ्यानं ओलांडूनच जावं. मुंगीनं मनातल्या मनात त्याचं नाव लंबू ठेवून टाकलं. तिचा उतरलेला चेहरा बघून तो म्हणाला, "आत काय विचारतात ते येताना सांगा बरं का. कुणाला कळू देणार नाही." तिला हसू आलं. ती बाहेर आल्यावर तो आत गेला, आणि दाराबाहेरपर्यंत मॅडमच्या हसण्याचा आवाज आला. मॅडम! ज्यांना वर्षावर्षात कुणी हसताना पाहिलेलं नव्हतं. मुंगी तेव्हाच समजून चुकली.

निकाल लागला. वर लंबूचं नाव, खाली प्रतीक्षेत पहिली मुंगी. म्हणजे हातातोंडाशी आलेला घास नुसता बघत बसायचं. विद्यापीठाच्या कचेरीत एक हेडक्लार्क होते, पातळ आवाजाचे, सगळ्यांना धीर देण्याची सवय असलेले. ते म्हणाले, "हा मुलगा सही करायला अजून आलेला नाही, बाई. महिनाअखेरपर्यंत स्वतः हजर झाला नाही, तर नियमाप्रमाणे तुमचाच नंबर. माझं मन सांगतंय, जागा होईल." मुंगी जिना उतरताना स्वतःशीच ते वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होती. तो का आला नाही, हा विचार तिला शिवलाही नाही. आपल्यालाही नसता शिवला, उगाच तिला नावं ठेवू नका.

पुढच्याच आठवड्यात आयसीयूतून निरोप आला. नवा पेशंट, डोक्याला मार, शुद्ध नाही. मुंगी गेली. पडदा सारला, तर आधी तिला टाचा दिसल्या. पलंग अपुरा पडल्यामुळे दोन्ही टाचा कडेबाहेर आल्या होत्या आणि खाली कुणीतरी स्टूल ठेवून त्यावर उशी दिली होती. चेहरा बघण्याची गरजच नव्हती. तरी तिनं बघितला. डोकं भादरलेलं, नाकात नळी, आणि ओठ असे, की जसं काही हा आत्ता एक गंमत सांगणार आहे.

उशाशी एक ठेंगणी बाई त्याची नखं कापत बसली होती. त्याची आई. एवढ्याशा बाईला एवढा लांब मुलगा कसा झाला, असं वाटावं. मुंगीला बघून ती लगबगीनं उठली आणि न विचारताच बोलायला लागली. बोलायला माणूस मिळालं नव्हतं बिचारीला. "पहिलं नाव लागलं ना त्याचं, तर मला सांगायला घरी येत होता. फोनवर सांगायचं नव्हतं म्हणे, माझं तोंड बघायचं होतं. वाटेत गाडी घसरली." मग तिनं मुंगीकडे नीट पाहिलं. "तू ओळखतेस का याला?"

"मुलाखतीच्या दिवशी भेटलो होतो, काकू."

"म्हणजे तूही होतीस? मग तुझं झालं का गं?"

"नाही झालं."

"होईल हो," काकू म्हणाल्या आणि तिच्या दंडावरून हात फिरवला. "अशी गुणाची पोर तू. तुझं नाही होणार तर कुणाचं?"

मुंगीला त्या क्षणी धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण धरणी असं कधी कुणाला घेत नाही. तिनं बाह्या सारल्या आणि कामाला लागली.

शुद्ध नसलेल्या माणसाचा पाय कसा असतो हे मुंगीला विचारावं. एक तर ओल्या गोणीसारखा जड, नाहीतर ताठ, वाकवू म्हटलं तर उलटा जोर करणारा. लंबूचा पाय दोन्ही नव्हता. पहिल्या दिवशी तिला वाटलं, आपल्यालाच भास झाला. दुसऱ्या दिवशी काकू तोंड धुवायला बाहेर गेल्या, पडद्याआड ती आणि तो दोघंच उरले, तेव्हा तिनं उजव्या घोट्याखाली हात घातला. उचलायच्या आधीच पाय किंचित हलका झाला. तिच्या हाताच्या एक पाऊल पुढे. जसं काही पुढं काय करायचं ते त्याला ठाऊक होतं.

ती थांबली. पाय पुन्हा जड.

काकू आल्या, तेव्हा तिनं तोच पाय पुन्हा उचलून पाहिला. काही नाही. ढिम्म. नेमून दिलेली सिस्टर औषध द्यायला आली, तेव्हाही ढिम्म. मात्र ती एकटी असली की पाय पुढे यायचा. एकदा तर तिनं हात पाठीमागे बांधून नुसतं मनात म्हटलं, आता डावा. चादरीतून डाव्या पायाचा अंगठा वर आला. ती भिंतीला पाठ टेकून उभी राहिली, छाती धडधडत होती, आणि यंत्रावर त्याच्या हृदयाचे ठोके मात्र शांत, एका लयीत चालले होते.

"याला ऐकू येतं बरं का," सिस्टर जाता जाता म्हणाली. "अशांच्या पुढ्यात तोंड सांभाळून बोलावं. मागच्या एका म्हाताऱ्यानं शुद्धीवर आल्यावर सुनेचा एकेक शब्द म्हणून दाखवला होता." आणि स्वतःच्याच विनोदावर हसत गेली.

आता खरं म्हणजे काय करायला हवं होतं? सरळ आहे. धावत जाऊन सांगायला हवं होतं की पेशंट प्रतिसाद देतोय. मग औषधं बदलली असती, मॅडमनी त्यांची खास पद्धत लावली असती, रोज तासन्‌तास आवाज, स्पर्श, वास देऊन त्याला वर खेचलं असतं. आणि अशी माणसं वेळेत खेचली तर वर येतात. मुंगीला हे सगळं पाठ होतं. याच विषयात तर तिला पुढे शिकायचं होतं!

संध्याकाळी मॅडम स्वतः आल्या. पलंगाशी उभ्या राहून त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत होत्या. मग मुंगीला जरा बाजूला घेऊन म्हणाल्या, "गुणी मुलगा आहे. तू काही उणी नव्हतीस, सांगून ठेवते. अगदी केसाचा फरक होता." मुंगीच्या कानात नुसतं गरम झालं. "बरं, मला एक सांग. यंत्रात काही दिसत नाही, पण तुझ्या हातांवर माझा विश्वास आहे. हात लावताना काही जाणवतं का?"

मुंगीनं तोंड उघडलं. पडद्यापलीकडे काकू गुणगुणत त्याच्या कपाळावरून ओला रुमाल फिरवत होत्या.

"नाही, मॅडम."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

किती सोपं गेलं! खोटं बोलताना जीभ अडखळते म्हणतात, तिची लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरली. मॅडम मान हलवून निघून गेल्या. मुंगी परत पलंगाशी आली तर लंबूचं तोंड तिच्या बाजूला वळलेलं होतं. "मीच वळवलं गं," काकू म्हणाल्या. "एकाच अंगानं मान अवघडली असेल." मुंगीनं विश्वास ठेवला, कारण विश्वास ठेवणं सोयीचं होतं.

त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलायला लागली. काकूंनीच गळ घातली होती, "तुझ्या वयाचा आहे, तुझा आवाज ऐकेल तो." काकू असल्या की ती हवापाण्याच्या गोष्टी करायची. काकू खाली गेल्या की मात्र आवाज उतरायचा आणि खरं ते बाहेर पडायचं. एकदा गुडघा वाकवता वाकवता ती म्हणाली, "तुला कुठेही मिळेल रे. तू बोलतोस, लोक हसतात, दारं उघडतात. मला कोण विचारतं? तीन वेळा अर्ज केलाय मी. मॅडमनंतर संपलंच सगळं. मला हवी आहे ती जागा. मलाच." तिचा दुसरा हात त्याच्या तळव्यात होता, बोटं सरळ करण्यासाठी घातलेला. तळवा मिटला. हळूच नाही, गच्च. तिनं बोट न्‌ बोट उकलून हात सोडवला, आणि दिवसभर ते वळ खिशात लपवत हिंडली.

तेही तिनं कुणाला सांगितलं नाही. घरी आईनं विचारलं, "चेहरा का असा?" तर म्हणाली, झोप नाही. भाऊ हसला. तिनं ताट सरकवलं आणि उठून गेली.

महिना सरत आला. एका दुपारी ती पायथ्याशी उभी राहून त्याच्या टाचांना तेल चोळत होती, काकू उशाशी डोळे मिटून बसल्या होत्या. काकूंचे ओठ हलत होते. रोजच हलायचे. त्या दिवशी यंत्रांचा गलका कमी होता म्हणून शब्द कानावर आले. "जागा होऊ दे. जागा होऊ दे. एवढं एकदा जागा होऊ दे."

मुंगीचे हात थबकले. थबकले अशासाठी की दुसराही एक आवाज त्यात मिसळलेला होता, आणि तो तिचा स्वतःचा होता. कधीपासून ते तिलाही कळलं नव्हतं. हेडक्लार्कच्या तोंडचं ते वाक्य दिवसरात्र डोक्यात घोळून घोळून ओठांवर आलेलं. जागा होऊ दे. जागा होऊ दे. एक आई पोराला मागत होती, आणि पायथ्याशी उभी असलेली ही बया त्याची खुर्ची मागत होती, आणि दोघींच्या वाक्यात काना-मात्रेचा फरक नाही! ऐकणारा जो कुणी असेल, त्यानं काय समजायचं?

काकूंनी डोळे उघडले. ते डोळे भरलेले होते. त्या उठल्या, पलंगाला वळसा घालून आल्या आणि मुंगीच्या गळ्यात पडल्या. "ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "रोज म्हणतेस ना तू? मला सिस्टर म्हणालीच होती, पोरगी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत असते. सख्खी बहीण करणार नाही एवढं करतेस गं."

मुंगीला सांगायचं होतं. देवाशपथ सांगायचं होतं. घशाशी आलं होतं. पण काकूंच्या खांद्यावरून तिला लंबूचा चेहरा दिसत होता. त्याचे डोळे उघडे होते.

मग काय, आयसीयूत धावपळ उडाली. डॉक्टर आले, बॅटरीनं डोळे तपासले, नाव विचारलं, बोट दाखवलं. लंबू सगळं बघत होता. बोलत नव्हता. हातपाय मात्र हलत होते, आणि डॉक्टर मुंगीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "एवढे दिवस पडून एक सांधा आखडलेला नाही. शाब्बास!" काकू रडत होत्या, हसत होत्या, दिसेल त्याला हात जोडत होत्या. मुंगी कपड्यांच्या खोलीत गेली, धुतलेल्या चादरींच्या थप्पीत तोंड खुपसून रडली. आनंदानं नाही. जीव वाचल्याचं बरं वाटायला हवं होतं, ते काही केल्या वाटेना. गेली, जागा गेली, एवढंच मनात येत होतं, आणि ते मनात येतंय याची किळस येत होती.

पुढचे दिवस तो गप्पच होता. भरवलं तर खायचा, बसवलं तर बसायचा. वाचा गेली असावी, असं डॉक्टर म्हणाले. फक्त नजर तेवढी फिरायची, आणि तीही मुंगीमागेच. ती दुसऱ्या पलंगाशी काम करत असली तरी पाठीवर ती नजर जाणवायची. सिस्टर चेष्टा करायची, "तुझ्यावर डोळा आहे हं त्याचा!" मुंगीच्या अंगावर सर्रकन काटा यायचा. आता तिनं घोट्याखाली हात घातला की पाय पुढे येत नव्हता. तो आपला पडून राहायचा आणि तिच्या हातांकडे बघायचा.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी हेडक्लार्क स्वतः कागद घेऊन इस्पितळात आले. मॅडमनीच पाठवलं होतं. विद्यार्थ्याला येता येत नाही, तर कचेरीनं जावं, सही महत्त्वाची. भला माणूस, जिने चढून धापा टाकत आला. काकूंनी लंबूला उशांना टेकवून बसवलं, भांग पाडायला केस नव्हते तरी डोक्यावरून हात फिरवला. मुंगीला त्यांनीच हाक मारली, "ये गं, तू समोर हवीस. तुझ्यामुळे हा दिवस आहे."

हेडक्लार्कनी फळीवर कागद ठेवला, पेनाचं टोपण काढलं. "इथे, बाळ. नुसतं नाव लिहिलंस तरी चालेल."

लंबूनं पेन घेतलं. बोटं छान मिटली, जिथली तिथे. कुणी मिटायला शिकवली होती? मुंगीनंच. त्यानं कागदाकडे पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं. कागद आडवा केला, पुन्हा उभा केला. मग पेन फळीवर ठेवून दिलं. हेडक्लार्कनी ते पुन्हा हातात दिलं, त्यानं पुन्हा ठेवलं.

"अक्षरं ओळखीची वाटत नाहीयेत त्याला," हेडक्लार्क हळूच म्हणाले. "असं होतं म्हणे."

"शिकेल परत," काकू घाईनं म्हणाल्या. "लहानपणी शिकला तसा शिकेल. माझा मुलगा मला मिळाला, मला अजून काही नको. तुम्ही तो कागद या मुलीला द्या. तिचं नाव आहे ना पुढे? मला मॅडमनी सांगितलं काल. काय गं, बोलली नाहीस ती! एवढ्या मोठ्या मनाची तू, स्वतःचं नुकसान होत असून माझ्या पोरासाठी मागत राहिलीस."

हेडक्लार्कनी फळी मुंगीपुढे धरली. तिनं लंबूकडे पाहिलं. तो अक्षरं विसरलेल्या माणसासारखा दिसत नव्हता. त्याचे डोळे स्वच्छ होते, आणि ओठ पहिल्या दिवशी होते तसेच, काहीतरी सांगण्याच्या बेतात.

"झाली जागा?" तो म्हणाला.

आवाज घोगरा, पण शब्द खणखणीत. काकू किंचाळल्याच. "बोलला! अहो, बोलला माझा बाळ!" मग डोळे पुसत, हसत, त्याचा गाल कुरवाळत त्यांनी चूक दुरुस्त केली, पूर्वी बोबड्या बोलांची करत असतील तशी. "झाली नाही रे राजा, झाला. जागा झाला. तू जागा झालास!"

तो आईकडे बघतही नव्हता. मुंगीकडे बघत होता, आणि उत्तराची वाट बघत होता.

आता इथं तरी तिनं खोटं बोलू नये ना? नाही बोलली.

"झाली," मुंगी म्हणाली.

तिनं पेन उचललं आणि सही केली. हेडक्लार्क अभिनंदन म्हणाले, काकूंनी तिचा मुका घेतला, सिस्टरनं लांबून हात हलवला.

"मग जा," लंबू म्हणाला.

"अरे, जा नाही म्हणू," काकू हसून म्हणाल्या. "माणूस निघताना 'ये' म्हणावं. म्हण बघू, ये हं."

त्यानं आईचं बोलणं नीट ऐकून घेतलं. कळलं, अशी मान हलवली. मग पुन्हा मुंगीकडे वळून, एकेक अक्षर सुटं करून, अगदी सावकाश म्हणाला, "जा."

मुंगी निघाली. येते म्हणायला तिची जीभ काही रेटली नाही.